दाढीची हद्द

घशाच्या कॅन्सरवरचा कोबाल्टच्या मशीनच्या किरणांचा शेक संपला, तेव्हा बाबांच्या मानेवर शेकाची हद्द दाखवायला आखलेल्या जांभळ्या रेघा आईने कोमट पाण्याने हळूहळू पुसल्या. तोवर तिथे पाणी लावायची मनाई होती. रेघा गेल्या, पण त्यांच्या आतल्या जागेत पुन्हा दाढी उगवली नाही. उजव्या जबड्यापासून गळ्याच्या हाडापर्यंतची कातडी काळपट आणि कडक झाली. तोंडातली लाळ आटली. रविवारी देवळातल्या मिस्सेत ख्रिस्तप्रसादाची पातळ भाकर टाळूला चिकटून राही, म्हणून ते खिशात पाण्याची छोटी बाटली नेत. एवढं सोडलं तर ते बरे होते. गास गावातल्या आमच्या वाडीत पूर्वीसारखंच केळींना पाणी लावत.

घरात शिकलेली मीच, तेव्हा शाळेत शिकवतही होते, त्यामुळे मुंबईच्या इस्पितळात त्यांच्याबरोबर मीच जाई. एका तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की, घशातला हा रोग परतलाच तर बहुतेक वेळा शेक दिलेल्या जागेतच परततो, आणि त्या जागेला पुन्हा तेवढा शेक सोसत नाही. गाठ त्या हद्दीबाहेर आली, तर मात्र पुन्हा शेकाचा विचार करता येतो. बाबा खाली बघत ऐकत होते. मला वाटलं, त्यांना फारसं कळलं नसावं.

पावसाळा सरल्यावर जबड्याखाली गाठ आली. मानेला खोबरेल लावताना ती आईच्या बोटांना लागली. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी वस्तरा हातात घेतला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "रेघा तर तुझ्या आईने पुसल्या. आता हद्द दाढीच दाखवील."

रविवारी देवळाबाहेर शेजारच्या वाडीवाल्या काकांनी त्यांना गाठलं.

"काय रे, ही काय तऱ्हा? अर्ध्यात लावणी आणि अर्धी पडीक?"

"बी संपलं," बाबा त्यांच्या घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"की मठात जातोस? वहिनीला विचारलंस का?"

सगळे हसले, बाबाही हसले. आई पुढे निघून गेली होती.

दाढी पुरेशी वाढल्यावर एका सकाळी ते ओट्यावर उजेडात बसले. आईने आरसा धरायला नकार दिला आणि ती आत गेली.

"बाय, तू शिकलेली आहेस. तू बघ. खरं सांग."

मी वाकून पाहिलं. पांढरे खुंट जबड्याच्या कडेने खाली येत होते आणि एकाएकी थांबत होते. गाठ बरोबर तिथेच होती. तिची वरची बाजू केसांत, खालची उघड्या कातडीवर.

"अर्धी बाहेर आहे," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"अर्धी म्हणजे पुष्कळ झाली," बाबा म्हणाले. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

इस्पितळात डॉक्टरांनी एक बोट त्यांच्या तोंडात घातलं, दुसऱ्या हाताने गाठ बाहेरून दाबली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. बाबांनी दाढीकडे हात नेला. डॉक्टर म्हणाले, "केस कातडीचे असतात, आजोबा. गाठीचं मूळ खोल आहे, आणि ते शेकाच्या हद्दीतच आहे. मोठ्या रक्तवाहिनीला घट्ट धरलंय तिने. कापताही येणार नाही." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "दुखू नये एवढं आपण बघू."

बाहेरच्या बाकावर बाबा बाटलीतून घोट घोट पाणी पीत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझ्या आईला सांग, बाहेर होती म्हणून."

"बाबा..."

"तिने पुसल्या ना रेघा. तिच्या मनात ते बसलंय. पुसल्या नसत्या तर गाठ आत की बाहेर ते आधीच कळलं असतं, असं तिला वाटतं."

मला हे ठाऊक नव्हतं. आई मला कधी बोलली नव्हती.

घरी पोचलो तेव्हा ती दारातच उभी होती. मी सांगितलं, "गाठ बाहेर आहे, आई." तिने कपाळाला हात लावून क्रूसाची खूण केली, पदराने डोळे पुसले आणि बाबांच्या हातातली पिशवी घेतली.

"मग शेक कधीपासून द्यायचा म्हणाले?"

मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे. वाटभर हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

"नाताळ झाल्यावर," बाबा म्हणाले, आणि पाय धुवायला विहिरीकडे गेले.