साताऱ्याचा माणूस

नोकरीसाठी सिल्वासात पाऊल ठेवलं त्याच दिवशी मी शेजाऱ्यांशी खोटं बोललो. गुजराती पाट्या, हिंदीतून ओरडणारे रिक्षावाले, ओळखीचं कुणी नाही; परमुलखात आल्यासारखं वाटत होतं. डोकमर्डी वस्तीतल्या भाड्याच्या खोलीत ट्रंक ठेवतो न ठेवतो तोच शेजारचे खानदेशी फिटर दारात उभे. "गाव कोनतं, भाऊ? घरी कोन कोन?" ते बोलताना समोरच्याचा दंड धरत आणि उत्तर मिळेपर्यंत सोडत नसत. मी रत्नागिरीचा; पण खरं सांगून ओळख वाढायला नको, पीडा टळावी म्हणून तोंडाला आलं ते "सातारा" म्हणालो.

महिन्याभरात मलेरियाने आडवा झालो. त्या परक्या गावात मला पेज भरवली ती त्यांनीच. एका संध्याकाळी ते एका अनोळखी गृहस्थांना घेऊन आले.

"साऱ्या कंपन्या फिरलो, तव्हा हे भेटले. तुझ्या साताऱ्याचे! आपल्या गावचं मानूस दिसलं की ताप निम्मा उतरतो."

गृहस्थांनी कौतुकाने माझी पेठ विचारली. मला एकही नाव सांगता येईना. फिटरकाका ओशाळून त्यांना म्हणाले, "माझ्याच ऐकन्यात चूक झाली वाटतं. तुम्हाला उगा तरास."

मी कसाबसा उठून बसलो.

"काका, तुम्ही बरोबरच ऐकलंत. खोटं मी बोललो. मला माफ करा."