टायमर थांबवायची ओळ

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. संगमनेरात एका सायकल दुकानाच्या माडीवर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मशिनं तीन आणि आम्ही पंधरा जण. म्हणून सर जावास्क्रिप्ट आधी वहीत लिहून घेत आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लावत. फंक्शनच्या नावापुढे कंस आला की विचारायचे, “आत्ता करायचंय की नंतर?” नुसता कंस टाकला की काम तिथल्या तिथं उरकतं, नंतर करायचं असेल तर ते अवतरणचिन्हांत घालून टायमरच्या हवाली करायचं. आणि टायमर लावला की त्याचा नंबर धरून ठेवायचा, नाहीतर तो थांबवता येत नाही. हे सगळं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्या माडीची मला अजून फार आठवण येते.

मी मळ्यातली पोर. आमच्या विहिरीवरच्या मोटारीला ऑटो लावलेला. लाईट आली की मोटार आपोआप चालू, गेली की बंद. “बंद कराया कोन जातंय? लाईट जातीयच की,” असं माझे वडील, आमचे अण्णा, म्हणायचे. तीच खोड माझ्या हाताला लागली. चालू करायची ओळ टपोऱ्या अक्षरात, थांबवायची कधीच नाही. क्लासमध्येही माझी पाळी रंगात यायच्या आत लाईट जायची किंवा पुढचा मला उठवायचा. त्यामुळे माझं पितळ कधी उघडं पडलं नाही.

गावातल्या एका शाळेला कॉम्प्युटर शिकवायला कुणीतरी हवं होतं. सरांनी माझं नाव सुचवलं. नोकरी लागली तर अण्णा लग्नाची बोलणी वर्षभर लांबवणार होते. मी जीव तोडून एक प्रश्नमंजुषा तयार केली, दर प्रश्नाला तीस सेकंद.

शाळेच्या मुख्याध्यापिका क्लासवर आल्या आणि स्वतःच खेळायला बसल्या. पहिला प्रश्न झकास गेला. दुसऱ्याला सेकंद भराभर उतरायला लागले, तिसऱ्याला त्याहून भराभर. दर प्रश्नाला नवा टायमर सुरू होत होता आणि जुना काही थांबत नव्हता.

“अगं, मला विचार तरी करू दे!” बाई हसत म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, “हे थांबवायचं कसं?”

“लाईट गेली की थांबतं,” मी बोलून गेले.

सगळी माडी खो खो हसली. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात सर पुढे आले. “चूक माझी आहे, बाई. थांबवायचं मी अजून शिकवलंच नाही हिला.”

माझ्या वहीत ती ओळ त्यांनीच लिहून दिलेली होती, खाली दोन रेघा मारून. सरांनी ती नव्यानं सांगितल्यासारखी सांगितली, मी दोन मिनिटांत टाकली आणि घड्याळ ताळ्यावर आलं. पोरगी चटकन शिकते, असं बाईंचं मत झालं.

मला नोकरी मिळाली. अण्णांनी वस्तीवर पेढे वाटले. त्या शाळेच्या सगळ्या शिक्षकांनी सरांकडे शिकायला जायचं जवळजवळ ठरलं होतं, ते मात्र दुसऱ्या क्लासला गेले.

“तुझे सर माणूस भला गं,” पहिल्याच महिन्यात बाई मला स्टाफरूममध्ये म्हणाल्या, “पण शिकवताना निम्मं राहून जातं त्यांचं.”

मी म्हणाले, “हो, बाई.”