प्रयोगशाळेतले करंडक

गल्लीत तिला सगळे फटाकी म्हणायचे, अर्थात तोंडावर नाही. पडदे शिवायची आणि शिवता शिवता मशीनशीसुद्धा भांडायची. लेक लांब उडीत पटाईत, रसायनशास्त्रात त्याहून. शाळा संपल्यावर दोन कॉलेजांत तिचं नाव लागलं, एक नामांकित, दुसरं खेळासाठी ओळखलं जाणारं, आणि घरात रणकंदन सुरू झालं.

"नामांकित कॉलेज सोडून पोरीला माती खायला पाठवणार?" मोठे दीर कडाडले. "लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मला सांगू नका, भाऊजी!" तिने ठणकावलं. तरी मायलेकी दोन्ही कॉलेजं बघून आल्या.

नामांकित कॉलेजात रुंद दगडी जिने, भिंतभर गुणवंतांचे फोटो. मैदान कुठंय विचारल्यावर शिपायाने गाड्यांच्या रांगांकडे बोट केलं. उडीच्या खड्ड्यावर फरशी घातली होती.

"इथे आल्या की मुली उड्याबिड्या विसरतात," प्राध्यापिका कौतुकाने म्हणाल्या.

फटाकीच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. लेकीचा हात धरून ती तडक बाहेर पडली.

दुसऱ्या कॉलेजातली भुसभुशीत, चाळलेली वाळू बघून लेकीचा चेहरा फुलला. प्रशिक्षक दिलखुलास हसले. "अभ्यासाचं टेन्शन घ्यायचं नाही हं. खेळाडूंना आम्ही पास करून घेतो."

"आणि प्रयोगशाळा?" लेकीने विचारलं.

दार उघडलं, तर टेबलांवर करंडकच करंडक. बेसिनमध्येसुद्धा. नळ गंजून गेलेले.

"म्हणजे तिकडे पाय कापणार आणि इकडे डोकं!" फटाकीचा आवाज मैदानापर्यंत गेला. "अख्खी पोरगी आणलीय मी. अख्खीच शिकवायला काय धाड भरलीय तुम्हाला?"

पण लेक म्हणाली, "आई, मी इथेच येते. ती फरशी मला फोडता येणार नाही. ही डबडी उचलता येतील."

नाव घातलं, तरी प्रयोगशाळेला पुन्हा लागलेलं कुलूप काही निघेना. मग फटाकी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसली. चावी मिळेपर्यंत उठली नाही. मायलेकींनी आणि वर्गातल्या चार मुलींनी सगळे करंडक उचलून प्राचार्यांच्याच टेबलावर रचले. प्राचार्य लालबुंद झाले, पण नळ दुरुस्त झाले आणि तास सुरू झाले. कुरकुरत का होईना, रसायनशास्त्राचे सर शिकवायला लागले.

लेक कॉलेजच्या संघातून खेळली आणि पदवीही स्वतःच्या गुणांवर मिळवली. निकालाच्या दिवशी प्रशिक्षक हात जोडून म्हणाले, "ताई, हे तुमच्यामुळे झालं."

"माझ्यामुळे कशाला?" फटाकी उसळली. "पगार तुम्ही घेत होता ना?"