आत्यांचा गव्हाचा नेम

अख्ख्या वसई तालुक्यात माझ्या बायकोच्या आत्यांइतकं अन्न सोडलेलं माणूस दुसरं सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आषाढीला चातुर्मास लागला की पुष्कळ बायका काही ना काही सोडतात. कोणी वांगं सोडतं, कोणी कांदा-लसूण. आत्यांना वांगं सोडणं ही देवाची शुद्ध फसवणूक वाटते, कारण वांगं त्यांना मुळातच आवडत नाही. “जे जिभेला ओढ लावतं तेच सोडायचं, नायतर देवाला काय कळत नाय?” असं त्या म्हणतात. पुतण्याला नोकरी लागावी म्हणून त्यांनी एकदा चहा सोडला होता. त्या चार महिन्यांत घरातली माणसं त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून वावरत. पुढे माझी पाठ धरली तेव्हा त्यांनी दही सोडलं. पाठ व्यायामानं सुधारली, श्रेय दह्याला गेलं आणि मीही ते मुकाट्यानं मान्य केलं.

या नेमाचे त्यांचे स्वतःचे कडक कायदे आहेत. काय सोडलं आणि कोणासाठी सोडलं, हे तुळशीच्या लग्नापर्यंत बोलायचं नाही. बोललं की नेम वाया जातो. पण तोंडाला कुलूप असलं तरी जीभ आपली वाट काढतेच. सोडलेला पदार्थ त्या दुप्पट उत्साहानं करतात, दुसऱ्याच्या पानात वाढतात आणि समोर पाटावर बसून विचारतात, “जावई, खा. आनि सांगा कसं लागतं.” नुसतं ‘छान’ म्हटलेलं चालत नाही. आंबट किती, मऊ किती, घशाखाली उतरताना कसं वाटलं, सगळं सविस्तर सांगावं लागतं. दह्याच्या वर्षी मी दह्यावर जितकं बोललो, तितकं नोकरीच्या मुलाखतीतही बोललो नव्हतो. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी मात्र त्या मला चपातीबद्दल विचारायच्या, शिऱ्याबद्दल विचारायच्या, गणपतीत करंजीबद्दलही विचारलं. एवढं सगळं एका धान्यातून येतं, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

दोन वर्षांपासून आत्यांचं पोट बिघडलेलं होतं. खाडीकडच्या त्यांच्या वाडीत प्रत्येकाकडे त्यावर एकेक औषध होतं. कोणी जंत म्हणालं, कोणी आव, आणि एका जावेनं तर नवीन बोअरच्या पाण्यावर आळ घेतला. आत्यांचे ब्लाऊज दोनदा आवळून झाले आणि रक्त इतकं कमी झालं की केळीच्या दोन ओळी फिरून आल्या तरी त्या बांधावर बसायच्या. शेवटी गणपती झाल्यावर माझ्या बायकोनं हट्ट धरला आणि आम्ही चंदनसारच्या आमच्या घरून जाऊन त्यांना वसईत पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. आत्यांनी डॉक्टरीणबाईंसाठी सुकेळ्यांचा पुडा नेला होता. तपासण्याआधी तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि “राजेळी केळ्यांची हाय, दुकानातली नाय,” असं बजावलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण समजावून सांगणाऱ्या होत्या. त्यांना दोन आजारांचा संशय होता. एक सीलिॲक. त्यात गव्हातला ग्लुटेन नावाचा घटक पोटात गेला की शरीर स्वतःच्याच आतड्याचं अस्तर खराब करतं. दुसरा क्रोन्स. त्यात आतड्याला सूज येते, जखमा होतात, आणि अमुक एक पदार्थ सोडला की संपलं असं नसतं. औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात, कधी ऑपरेशनही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसू शकतात. जुलाब, पोटदुखी, रक्त कमी, वजन कमी. उपचार मात्र वेगळे, म्हणून नाव नक्की कळायला हवं. आत्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हंजे दोन जुळे भाऊ. एकाला दारातनंच परत लावता येतं, दुसरा बिछाना घेऊन राहायलाच आलेला.” डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी विचारलं, “आजी, गव्हाचं रोज असतं ना?” आत्या तत्काळ म्हणाल्या, “रोज वीस चपात्या लाटते मी!” डॉक्टरीणबाईंनी कागदावर ‘हो’ लिहिलं. मीही मान डोलावली.

रक्ताच्या तपासणीत सीलिॲकची खूण आली नाही. संशय क्रोन्सकडे सरकला आणि आतड्यात कॅमेरा घालून बघायची तारीख ठरली. आत्या वरवर थट्टा करत राहिल्या, पण घरी गेल्यावर कुठल्या केळीला पाणी कधी सोडायचं आणि अबोलीची रोपं कोणाला द्यायची, हे त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. मला ते बरं लक्षण वाटलं नाही. माझी बायको तर फोन ठेवला की रडायची. तिला तेव्हा पाचवा महिना होता, आणि त्याआधी दोनदा आमच्या वाट्याला निराशा आली होती, म्हणून तिनं रडू नये असं सगळ्यांना वाटायचं.

दवाखान्यातून एक तक्ता दिला होता. आठवडाभर काय खाल्लं ते त्यात लिहायचं होतं. मी वाडीवर जाऊन ओटीवर तो भरायला बसलो. सकाळी काय? तांदळाची भाकरी. दुपारी? भात. संध्याकाळी? भाकरी. सात दिवस तेच. मी विचारलं, “आत्या, आणि त्या वीस चपात्या?” आत्यांनी तुळशीकडे बघितलं. “त्या तुम्ही लोक खाता,” त्या हळूच म्हणाल्या. मग मला करंजी आठवली, शिरा आठवला आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. आषाढीपासून या बाईनं गव्हाचा कण तोंडात घातला नव्हता. मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, गहू बंद असेल तर रक्तातली खूण निघून जाऊ शकते; त्या अहवालावर आता विसंबता येणार नाही. गहू पुन्हा सुरू करा, सहा-आठ आठवडे रोज खाऊ द्या, मग दोन्हीकडून कॅमेरा घालून सोक्षमोक्ष लावू.

आत्यांनी साफ नकार दिला. “तुळशीच्या लग्नापर्यंत नाय. मरेन, पन नाय.” कोणासाठी नेम आहे हे त्यांनी सांगितलं नाही, पण माझी नजर चुकवून त्या माझ्या बायकोच्या फोटोकडे बघत होत्या, तेव्हा सांगायला काही उरलं नव्हतं. नेम मोडला आणि पोरीला काही झालं तर? हा प्रश्न मी तसाच घरी नेला आणि बायकोपुढे ठेवला.

तोड माझ्या बायकोनं काढली. दुसऱ्या दिवशी ती रिक्षानं वाडीवर गेली, चुलीपुढे बसून स्वतः चपाती लाटली आणि आत्यांसमोर ठेवली. “नेम मोडायचा नाही, आत्या. माझ्या हातात द्या. उरलेले दिवस गहू मी सोडते, तुम्ही खा.” आत्यांनी मनातल्या मनात आपले कायदे चाळले. कायद्यात असं कलम नव्हतं. मग त्यांनी देवापुढचं कुंकू तिला लावलं, “घे, पन नीट सांभाळ,” म्हणाल्या आणि रडत रडत चपातीचा घास मोडला.

पुढचे आठवडे वाईट गेले. आषाढीपासून जरा निवळलेलं पोट पुन्हा पहिल्यासारखं दुखू लागलं. “दुखनं लिहून देनारी डॉक्टरीन मी पयल्यांदाच बघितली,” असं म्हणत त्या मोजून दोन चपात्या खायच्या. शेवटी खूण रक्तात आली. खालच्या कॅमेऱ्यात आतडं स्वच्छ निघालं, वरच्या कॅमेऱ्यानं काढलेल्या तुकड्यात अस्तर झिजलेलं दिसलं. सीलिॲक. क्रोन्स नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, जव, पीठ मिसळलेला डबीतला हिंगसुद्धा, सगळं जन्मभर बंद. आम्ही आनंदानं एकमेकांकडे बघत होतो. आत्या मात्र विचारात पडल्या होत्या. “जन्मभर सोडायचं, ते कोनाच्या नावानं?” त्यांनी विचारलं. “तुमच्या,” माझी बायको म्हणाली. स्वतःसाठी काही सोडायची त्यांना इतकी लाज वाटली की त्या पदर तोंडाला लावून बसल्या.

माघात आम्हाला मुलगी झाली. आता तिला दात आलेत, आणि आत्यांची तब्येत अशी सुधारलीय की ब्लाऊज उसवून घ्यावे लागले. बारशाला त्या पुरणपोळ्या करायला निघाल्या होत्या. पिठाची धूळसुद्धा नको म्हणून माझ्या बायकोनं लाटणं काढून घेतलं आणि त्यांना लांब खुर्चीवर बसवलं. तिथून त्या हुकूम सोडत होत्या आणि पोळ्या बायको लाटत होती. पहिली पोळी माझ्या पानात पडली. “जावई, सांगा.” त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी म्हणालो, “ठीक आहे. जरा कडक झालीय.” आत्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

“खोटं नको. त्या पिठात पानी किती ते मी सांगितलंय.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आता तुळशीचं लग्न झालं तरी मना ती मिलनार नाय. सांगाल तेवढीच माझी.”

मी पोळीचा दुसरा घास घेतला आणि अगदी सुरुवातीपासून, काहीही न लपवता सांगायला लागलो. आत्यांनी डोळे मिटून घेतले होते.