जुलैमधला उजेड

गेल्या महिन्यात इथं बहारीनला, झिंजमधल्या आमच्या जाहिरातपटांच्या ऑफिसात चाचांना निरोप दिला. चाचा म्हणजे आमच्याकडे सेटची मॉडेलं बनवणारे कारागीर. रत्नागिरीकडचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. भाषणात साहेब म्हणाले, "या माणसानं एकदा सूर्य उलट्या बाजूला लावला होता!" सगळे हसले. चाचाही हसले. आणि मीसुद्धा.

सूर्य मी लावला होता.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका अत्तराच्या जाहिरातीसाठी दिग्दर्शकाला समुद्राकाठचं जुनं शहर हवं होतं. मोंटेव्हिडिओ ठरलं, उरुग्वेची राजधानी. इथं जुलैत उन्हामुळे बाहेर कॅमेरा लावणं अशक्य, म्हणून तिकडच्या शूटिंगला जुलैच धरला. वेळापत्रक करायचं काम माझं.

ते दोन महिने नोकरीतले सगळ्यात सुखाचे. आमच्यातल्या कुणीही ते शहर पाहिलं नव्हतं. फोटो बघून चाचांनी जुन्या पेठेतल्या तीन गल्ल्या थर्माकोलच्या उभ्या केल्या. खिडक्यांचे लोखंडी कठडे काळ्या दोऱ्याचे. सकाळी करकचा, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचा, कप हातात घेऊन ते विचारायचे, "यल्ला, चल, आज कुठल्या गल्लीतनं जायचं?" मग आम्ही दोघं बोटांनी त्या गल्ल्यांमधून चालत बंदरापर्यंत जायचो. तिथं चाचा थांबत. त्यांचे वडील बोटीवर खलाशी होते, एकदा याच बंदरात उतरले होते. "बाप आठ दिवस होता तिथं," ते सांगायचे, "मला एकदा तिथं उभं राहायचंय, बस." शूटिंगला जाणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं. त्यांनी जाड स्वेटर आणला होता. बहारीनमध्ये स्वेटर! आम्ही चिडवायचो.

खरं तर त्या स्वेटरनंच मला जाग यायला हवी होती. "अरे बाबा," ते म्हणाले होते, "बाप म्हणायचा, तिकडं जुलैत थंडी. दिवस पण लहान असंल. नीट बघितलंस ना?"

"चाचा, तुम्ही मॉडेल बघा. तक्ता माझा."

मी बघितलं नव्हतं. उजेडाचा रकाना आमच्या जुन्या वेळापत्रकातनं जसाच्या तसा उचलला होता, इथला, पहाटे पाचपासूनचा. मॉडेलवर सूर्यासाठी टेबललॅम्प ठेवायचा होता, तोही मीच दक्षिणेला ठेवायला सांगितला. दिग्दर्शकानं त्या सावल्या बघून एकेक शॉट ठरवला.

मग मोंटेव्हिडिओतल्या, शूटिंगच्या व्यवस्थापक बाईंचा व्हिडिओ कॉल आला. मॉडेल बघून त्या गोंधळल्या. म्हणाल्या, आमच्याकडे ऊन उत्तरेकडून येतं, आणि जुलैत सकाळी आठच्या सुमारास उजाडतं, सहाच्या आत सूर्य मावळतो.

दिग्दर्शकानं विचारलं, "ये किसने किया?"

सगळ्यांच्या नजरा मॉडेलकडे. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपकडे बघत राहिलो. दहा सेकंद असतील. मग चाचा म्हणाले, "मॉडेल मेरा है, सर."

त्याच दिवशी त्यांचं नाव यादीतनं गेलं. यादी टाइप करणारा मीच होतो. मी निघताना त्यांनी स्वेटर मला दिला. "तुला लागंल," म्हणाले. टोमणा नव्हता तो. तेच जास्त लागलं.

मी परत आल्यावर त्यांनी विचारलं, "बंदर बघितलंस?" मी म्हणालो, "वेळच नाही मिळाला." तेही खोटं. तिथं पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी बंदरावर जाऊन तासभर उभा होतो.

निरोपाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी बुसैतीनला त्यांच्या खोलीवर गेलो. ते बॅगा भरत होते. मी उभ्या उभ्याच सगळं कबूल करून टाकलं, बंदराचं खोटंसुद्धा.

"मेल्या," ते म्हणाले, "मी अंगावर घेतलं ते तुझी बायको नुकतीच आली होती इकडं, तुझी नोकरी जायला नको म्हणून. वाटलं, दोन दिवसांनी तू साहेबांना सांगशील. मी वाट बघितली."

त्यांनी खाटेवरचे कपडे सरकवून मला जागा केली.

"बस आता. बंदराचं सांग."

मी सांगितलं. गढूळ तांबूस पाणी, क्रेन, गारठ्यात बाकावर बसून गरम पाण्याचा थर्मास घेऊन काहीतरी कडू पिणारे म्हातारे. ते घड्या घालत ऐकत होते. मधेच हात थांबला. "तांबूस? बाप पण तेच म्हणायचा." मग त्यांनी हातातली घडी बॅगेत ठेवली.

"रविवारी माझं विमान आहे, दुपारी," ते शेवटी म्हणाले. "त्याच्या आधी ऑफिसात सांग. सगळ्यांसमोर. माझ्या माघारी ती गंमत पुन्हा कुणी सांगायला नको."

रविवारी सकाळी मी सगळ्यांना बोलावलं, चाचांना फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि सांगितलं. साहेब म्हणाले, "अरे, इतकी जुनी गोष्ट! सोड ना." मी म्हणालो, "नाही साहेब. तक्ता माझा होता. चाचांनी मला आधी विचारलंही होतं." कुणी हसलं नाही.

फोनमधून आवाज आला, "ऐकलं मी. चल, ठेव आता. गाडी आलीय खाली."