माझ्या वाटणीचं तीर्थ

"शुक्रवारचा माल सारखा परत येतोय, आणि तुम्ही आल्यापासनंच येतोय!" अण्णांनी पोकळी पडलेला हब माझ्या टेबलावर आपटला.

अण्णा म्हणजे शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीचे मालक. मी दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेला क्वालिटी इन्चार्ज. आम्ही लोखंड वितळवून ट्रॅक्टरच्या चाकांचे हब ओतायचो.

दोष साधा होता, ब्लोहोल. वाळूच्या साच्यात ओल जास्त झाली की तापलेल्या लोखंडानं तिची वाफ होते. ती आत अडकली की पोकळी राहते, आणि मशीनिंग होईपर्यंत दिसत नाही.

पण शुक्रवारीच का? शुक्रवारी पहिल्या ओतकामाआधी भट्टीची पूजा व्हायची. तेवढा वेळ मी एकटा लॅबमध्ये बसायचो. मी देव मानत नाही, हे पहिल्याच आठवड्यात सगळ्या शॉपला कळलं होतं. मोल्डिंगवरच्या सिद्धाप्पामामांनी तर चहा पिता पिता विचारलंही होतं.

"का वो साहेब, देव का मानत न्हाई?"

"मामा, मी माल पास करण्याआधी एखादा हब कापून बघतो. देवाचं तसं तपासता येत नाही, मग सही कशी करू? रिजेक्टचा शिक्काही मारत नाही. होल्डवर ठेवलाय."

"देव होल्डवर!" मामा खो खो हसले. हसता हसता त्यांचा चहा सांडला.

अण्णा मात्र आता हसत नव्हते. "या शुक्रवारी पूजेला उभं राहायचं. पुन्हा माल परत आला तर पार्टी जाईल, आणि मग तुम्हीबी."

खरं सांगतो, मी घाबरलो. मी आलो आणि शुक्रवार बिघडला, हे माझ्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं. देवाच्या बाजूचा पुरावा मी स्वतः टाइप करून ठेवला होता!

हबवर साच्याचा नंबर उठलेला असतो. खराब हबांचे नंबर काढले. सगळे भट्टीजवळच्या पहिल्या रांगेतले निघाले.

शुक्रवारी पूजेला गेलो. नारळ फुटला, आरती झाली. मग मामांनी तांब्या उचलला आणि पहिल्या रांगेतल्या उघड्या साच्यांवर मनसोक्त तीर्थ शिंपडायला सुरुवात केली.

"मामा, थांबा! हे कधीपासून चाललंय?"

"तुम्ही आल्यापासनं की! तुम्ही हात जोडत न्हाई, देव रागावला तर? म्हणून तुमच्या वाटणीचं मीच शिंपडतोय. माणूस चांगलं हाय, नोकरी टिकू दे म्हटलं."

माझी नोकरी घालवायला निघालेलं तीर्थ माझ्या नोकरीसाठीच होतं. रागवायचं कुणावर? मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. तीर्थाच्या ओलीनंच हबमध्ये पोकळी पडते, हे समजावल्यावर मामांचा चेहरा पडला.

"म्हंजे माझ्यामुळंच..."

"मामा, माझी वाटणी सोडू नका. फक्त कारखान्याच्या गेटवर शिंपडा."

भिजलेले साचे मोडून नवे केले. त्या दिवसाचा सगळा माल मशीनिंगनंतरही पास झाला. अण्णांनी अख्ख्या शॉपला मिसळ मागवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"बघा! तुम्ही पूजेला उभं राहिला आणि माल पास झाला. आता तरी पटलं का न्हाई?"

मी मामांकडे बघितलं, मामांनी माझ्याकडे. दोघांनीही मिसळीवर आणखी रस्सा ओतून घेतला.

तेव्हापासून एकही शुक्रवार चुकवत नाही. हात अजून जोडत नाही. पण दोन महिने मी सगळ्यांकडे पुरावा मागत होतो आणि तो डोळ्यांसमोर घडायची वेळ आली की उठून लॅबमध्ये जात होतो. देव न मानणाऱ्यानं पूजेला सगळ्यात पुढं उभं राहावं.