झबेदाची फुंकर

मलेशियात पेनांग बेटावर बायान लेपासला रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक सामानाचा कारखाना होता; तिथे पिवळी टोपी म्हणजे शिकवणारी. ती मिळाल्यापासून आपलं डोकं टोपीत मावेनासं झालं, हे झबेदा पुढे स्वतःच सांगत असे. तिला सगळे मकचिक, म्हणजे मावशी, म्हणत. पोरी सर्किट बोर्डावर सोल्डरिंगचे जोड द्यायला बसल्या की ती पट्टी घेऊन मागे उभी राही. जोड बिघडला की टेबलावर पट्टी आपटायची आणि म्हणायचं, "परत!" आपल्यासारखी शिकवणारी अख्ख्या पेनांगात नाही, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

एके सकाळी कारखान्याचे मॅनेजर तिओसाहेब गिऱ्हाइकाकडून परत आलेले बोर्ड घेऊन आले.

"बघा, मकचिक. जोड चकाकायला हवेत, हे राखेसारखे मळकट. नव्या पोरींना मी उद्यापासून घरी बसवतो."

झबेदाने पोरींनाच फैलावर घेतलं. "लक्ष कुठे असतं गं तुमचं? ऊठ कोगिला, बघ कसं करतात ते!"

तिने ऐटीत जोड दिला आणि सवयीने त्यावर फुंकर मारली. छोट्या सुट्टीत उकळता चहा फुंकून पिता पिता ही सवय हाताच्या कामातही शिरली होती. जुन्या रेडिओंच्या जाड तारांवर ती खपून गेली. या बारीक चिपांचा जोड मात्र फुंकरीने गोठण्याआधीच हलत होता आणि मळकट पडत होता.

तिओसाहेबांनी भिंग धरलं. तिचाही जोड मळकट.

कोगिला हळूच म्हणाली, "आम्हीही अस्संच करतो, मकचिक. फुंकरसुद्धा तुमच्याएवढीच."

झबेदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोष सोल्डरच्या तारेवर ढकलावा म्हणून तिने तोंड उघडलंही. पण पोरींचे उतरलेले चेहरे बघून तिला भडभडून आलं.

"साहेब, इतक्या जणींची एकच चूक, तीही हुबेहूब. म्हणजे पोरी शिकल्या ना? नापास मी झाले."

तिओसाहेबांना हसू आवरेना. "मग टोपी काढा. पोरी राहू देत."

पोरी राहिल्या. फुंकर सोडून बाकी सगळं झबेदाचंच ठेवून त्यांनी चकचकीत जोड दिले, आणि काही महिन्यांनी पिवळी टोपी कोगिलाच्या डोक्यावर आली. आता झबेदा फुंकर अडवायला तोंडाला मास्क लावून तिच्या हाताखाली बसते. परवा तिने जोड दिला आणि मास्क टम्म फुगला.

मागून टेबलावर पट्टी आपटली.

"परत, मकचिक!"

झबेदाने निमूटपणे जोड उकलला. पट्टी अगदी तिच्यासारखीच वाजली होती.